मध्य सा आणि तार सा: स्वर एकच की दोन?

अनाहत: थेट मुद्द्यावर येतो. मध्य षड्ज (मधल्या सप्तकातला सा) आणि तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) यांना आपण एकच नाव देतो, लिहितानाही तेच अक्षर लिहून फक्त डोक्यावर टिंब ठेवतो. माझ्या मते ही निव्वळ सोय आहे. ४४० हर्ट्झ आणि ८८० हर्ट्झ हे दोन वेगळे स्वर आहेत. पूरिया, मारवा आणि सोहनी हे राग बघा. तिघांचे स्वर सारखेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही. पण पूरिया मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात खुलतो आणि सोहनी तार षड्जाभोवती खेळतो. सोहनीची जागा मंद्रात नेऊन सावकाश आळवा, जाणकार ऐकणारा पूरियाच म्हणेल. स्वर 'तोच' असता तर सप्तक बदलल्यावर राग का बदलावा?

खर्जाची_तार: साफ अमान्य. हे नाव कानाने दिलंय, सोयीने नाही. तानपुरा लावून बघा. जोड (मध्य सा च्या मधल्या दोन तारा) २२० वर असेल तर खर्ज (मंद्र सा ची जाड तार) ११० वर हवा. तो १०९ वर राहिला, तर त्याच्यातला दुसरा उपस्वर (मूळ स्वराच्या पटीत वाजणारा बारीक स्वर) २१८ वर येतो आणि जोडीच्या २२० शी भांडतो. सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो, नवख्यालाही ऐकू येतो. खुंटी किंचित पिळली की लहर थांबते आणि दोन्ही तारा एकमेकींत विरघळतात. कारण उघड आहे: २२०, ४४०, ६६०... जोडीचा प्रत्येक उपस्वर खर्जाच्या पोटात आधीच आहे. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त हृदयात मंद्र, कंठात मध्य, मूर्ध्नीत तार सांगितलं आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट असंही सांगितलं. वेगळे स्वर मानले असते तर नावं वेगळी ठेवली असती.

अनाहत: पोटात तर पंचमही आहे! ११० चा तिसरा उपस्वर ३३०, म्हणजे मध्य पंचम. त्याचे ६६०, ९९० हे सगळे उपस्वरही खर्जात सापडतात. मग तुमच्या न्यायाने पंचमालाही 'सा' म्हणा. म्हणत नाही ना? म्हणजे नुसत्या उपस्वरांच्या हिशेबाने भागत नाही, त्यात सवयही मिसळलेली आहे.

श्रुतिपेटी: अनाहत यांना दुजोरा. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यांना दोन-तीन स्वर ऐकवून तेच गायला सांगितलं, आणि स्वर मुद्दाम त्यांच्या गळ्याच्या पट्टीबाहेरचे निवडले. अमेरिकन लोक बहुतेक वेळा नेमका एक-दोन सप्तकं वर-खाली तोच स्वर पकडत. त्सिमाने स्वरांमधली अंतरं बऱ्यापैकी राखत, पण मूळ स्वराच्या सप्तकाशी त्यांचा सूर जुळतच नसे. म्हणजे 'वरचा तोच खालचा' ही जाणीव प्रत्येक माणसाच्या कानात आपोआप नसते.

खर्जाची_तार: तो अभ्यास महत्त्वाचाच आहे. पण त्यातून ठरतं ते इतकंच की कान घडवावा लागतो. दुपटीचं नातं त्याने खोटं ठरत नाही. पंचमाचं म्हणाल तर एक प्रयोग करा. एक पुरुष आणि एक स्त्री एकच बंदिश एका सप्तकाच्या अंतराने गातात, कुणालाही वेगळं वाटत नाही. आता त्यांच्यात पंचमाचं अंतर ठेवा आणि मागे तोच तानपुरा वाजू द्या. एकाचा 'सा रे ग' दुसऱ्याकडे 'प ध नी' होतो, आणि चाल सुरू राहूनही दोघं दोन वेगळ्या रागांत जातात. सप्तकाच्या अंतराने हे कधीच घडत नाही. पूरिया-सोहनीतही बदलतं ते चलन (स्वरांची चाल), न्यास (थांबण्याचे स्वर), लय. षड्ज षड्जच राहतो.

जुळणीवाला: पियानो जुळवणाऱ्याच्या बाजूने. 'दुप्पट' हे तिथे अचूक नसतंच. पोलादी तार ताठ असल्यामुळे तिचे उपस्वर गणितापेक्षा थोडे चढे येतात. म्हणून सर्वांत वरच्या स्वरपट्ट्या दुपटीहून किंचित चढ्या आणि खर्जाकडच्या किंचित उतऱ्या लावतात. ४४० पासून तीन सप्तकं वर ३५२० यायला हवा, पण काटेकोर ३५२० लावला तर कानाला बसका वाटतो. त्याहून वर, साधारण ४००० ते ५००० हर्ट्झच्या पुढे तर 'हा तोच स्वर' हे ओळखणंच अवघड होतं. म्हणजे साम्य खरं आहे, पण त्याला हद्द आहे.

अनाहत: जुळणीवाला, हे फार मोलाचं सांगितलंत. माझा आग्रह शिकवण्याबद्दल आहे. वर गळा पोहोचत नाही म्हणून विद्यार्थी सोहनीची तार षड्जावर येणारी सम (तालाची पहिली मात्रा) मध्य षड्जावर उतरवतो आणि गुरू 'स्वर तोच आहे' म्हणून चालवून घेतात. हे मला मान्य नाही. पट्टी उतरवा, हवं तर दोन स्वर खाली गा, पण समेला तार षड्ज हवाच.

खर्जाची_तार: समेबद्दल पूर्ण सहमत, पट्टी उतरवणं हाच योग्य उपाय. पण तसं करून तुम्ही माझंच म्हणणं धरताय: नवी पट्टी घेतली की मध्य सा आणि तार सा दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली येतात. ते नातं सुटत नाही म्हणूनच तर राग टिकतो.

अनाहत: नातं आहे हे मी नाकारलेलंच नाही. नातं असलेल्या दोन गोष्टी एकच असतात, हे नाकारतोय.