सलग चार वर्षं सरताज गीत: मान संगीतकाराचा की गळ्याचा?

तबकडी:
बिनाका गीतमाला, म्हणजे रेडिओ सिलोनवरचा लोकप्रिय हिंदी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम; त्याच्या वार्षिक याद्या एका वहीत उतरवून ठेवल्यात, काल चाळत बसलो होतो. पहिला नंबर, म्हणजे वर्षाचं सरताज गीत, बघा. १९६७ 'मिलन'चं सावन का महीना. १९६८ 'शागिर्द'चं दिल विल प्यार व्यार. १९६९ 'इंतकाम'चं कैसे रहूँ चुप. १९७० 'दो रास्ते'चं बिंदिया चमकेगी. चारही लक्ष्मीकांत-प्यारेलाल! नायिका चार, गीतकार तीन (बक्षी दोनदा, मजरूह, राजेंद्र कृष्ण). बदललं नाही ते फक्त संगीत. तेव्हा विक्रम त्यांचाच. या भांडायला.

सातारकरमाई:
फक्त संगीत? अहो, चारही गाण्यांत लता आहे, ती दिसली नाही वाटतं वहीत! 'कैसे रहूँ चुप' नीट ऐका. पडद्यावर साधना झिंगलेली, आणि उचकी मात्र लताच्या गळ्यातून येते, तीही सूर न सोडता. ती उचकी काय प्यारेलालजींच्या व्हायोलिनने दिली? आमच्याकडे बुधवारी आठ वाजता रेडिओ सिलोन लागलं की आजोबा पानाचा डबा बाजूला सारायचे. 'लताचं कितव्या पायदानावर (नंबरावर)?' एवढाच त्यांचा प्रश्न. संगीतकाराचं नाव त्यांनी आयुष्यात विचारलं नसेल.

रफीवेडा:
माई, मग गळ्याचा विक्रम आमच्याकडे आधीपासून जमा आहे. १९६० जिंदगीभर नहीं भूलेगी, ६१ तेरी प्यारी प्यारी सूरत को, ६२ एहसान तेरा होगा मुझ पर, ६३ जो वादा किया. सलग चार. संगीतकार रोशन, शंकर-जयकिशन, परत तेच, परत रोशन. म्हणजे तबकडीरावांच्याच हिशोबाने न बदललेला फक्त रफी!

सातारकरमाई:
६३ चं द्वंद्वगीत आहे. त्यातही लताच.

रफीवेडा:
आणि 'सावन का महीना' काय एकटीचं आहे? 'शोर नहीं, सोर' म्हणून शिकवतो तो मुकेशच ना! द्वंद्वगीतं वगळा, दोघांचेही तीन-तीन उरतात. मोजा, दोघांचेही चार. एकीला एक माप, दुसऱ्याला दुसरं, असं चालणार नाही.

शंकेखोर:
मुळात तो नंबर म्हणजे काय? दुकानांतली रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पत्रं. गावात रेडिओ एक आणि ऐकणारे पन्नास, त्यातल्या कितीजणांकडे फोनो (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) होता? १९७० मध्ये राजेश खन्नाचं वेड इतकं होतं की त्याच्या सिनेमाचं काहीही खपलं असतं. विक्रम लिहायचाच तर खन्नाच्या नावावर एक वर्ष टाका.

तबकडी:
खन्नाचं मान्य, अर्धं. पण 'शागिर्द' आणि 'इंतकाम'मध्ये कुठे होता तो? विक्रीबद्दल म्हणाल तर हीच फूटपट्टी सगळ्यांना होती, शंकर-जयकिशनलाही.
रफीवेडा, तुमचा मुद्दा मात्र लागला. चारचा आकडा रफीचाही आहे, वहीत तशी नोंद करतो. तरी माझ्या मते गायकाला गाणं बोलावणं येतं तेव्हा मिळतं, संगीतकाराला ते घडवावं लागतं. सलग चार वर्षं घडवणं जास्त अवघड.

सातारकरमाई:
'बोलावणं येतं'! लताला बोलावल्याशिवाय तुमच्या लक्ष्मीकांत कुडाळकरांचं पान हलत नव्हतं, हे सोयीस्कर विसरलात.

रफीवेडा:
आणि १९७१ ला साखळी कुणी तोडली तेही लिहा वहीत. 'अंदाज'चं जिंदगी एक सफर. शंकर-जयकिशन. त्याच वर्षी सप्टेंबरात जयकिशन गेला.

तबकडी:
लिहिलंय. त्या ओळीखाली रेघ ओढलीय, लाल शाईने.