मेमरी कार्ड फोनला दिसेना : तुमचे अनुभव सांगा

चरई, ठाणे
मागच्या रविवारी आईच्या फोनवर सूचना आली, ‘एसडी कार्ड काढले गेले आहे.’ कार्ड जागच्या जागी होतं. आई मेथी निवडत बसली होती, फोन ओट्यावर, कुणी हातही लावला नव्हता. ६४ जीबीचं कार्ड. त्यात फोटो आहेतच, पण मुख्य म्हणजे तिच्या भजनी मंडळाची सहा-सात वर्षांची रेकॉर्डिंग. मी ट्रे काढला, फुंकर मारली, परत घातला. एकदा दिसलं, दोन मिनिटांत गायब. तिसऱ्या वेळेला फोन म्हणाला की कार्ड सपोर्ट करत नाही, सेट करण्यासाठी टॅप करा. टॅप केलं तर समोर थेट फॉरमॅटचं, म्हणजे कार्डावरचं सगळं पुसण्याचं बटण! तिथेच थांबलो. स्टेशनाकडच्या एका दुकानात नेलं, तर त्याने कार्डाकडे नीट न बघताच ‘फॉरमॅट मारू, नाहीतर नवं घ्या’ असा निकाल दिला.
तर ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी लिहा. काय झालं होतं, काय केलंत, आणि काय करायला नको होतं. शेवटचं जरा सविस्तर.

नौपाडा, ठाणे
पेन्सिलीचं पांढरं खोडरबर. फोन बंद करा, कार्ड काढा, मागच्या सोनेरी पट्ट्यांवरून हलक्या हाताने दोन-चारदा फिरवा, चुरा कोरड्या मऊ कापडाने झटका. साध्या मायक्रो एसडीला अशा आठ पट्ट्या असतात. एकीवर जरी घामाचा थर बसला तरी कार्ड ‘नाही’ होतं. पावसाळ्यात फोन खिशात, खिसा ओला, वर लोकलची गर्दी, मग काय होणार! माझं कार्ड दर जुलैत रुसतं आणि दर जुलैत खोडरबराने समजूत निघते. मात्र घासायचं म्हणजे तवा घासल्यासारखं नाही, तो सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. टूथपेस्ट लावा म्हणणाऱ्यांना घराबाहेर काढा.

कोपरी, ठाणे
रीस्टार्ट. हसू नका. आमचं दोनदा तेवढ्यावरच भागलंय.

घणसोली
माझा गुन्हा कबूल करतो. फोनला हायब्रिड ट्रे, म्हणजे दुसरं सिम तरी घाला नाहीतर कार्ड तरी. मला दोन्ही हवं होतं. एक सिम कंपनीच्या कामाचं, एक घरचं, आणि गाणी कार्डात. मग व्हिडिओ बघून तो प्रसिद्ध जुगाड केला. सिम गरम करून त्याचं प्लास्टिक सोलायचं, उरलेली पातळ चकती मेमरी कार्डाच्या पाठीवर चिकटवायची आणि दोन्ही एकाच खाचेत सरकवायची. चाललं! तीन महिने मी ऑफिसात मिरवत होतो. मग उन्हाळ्यात गोंद सुटला, चकती तिरकी झाली. कार्ड दिसेना, सिम दिसेना आणि ट्रे बाहेर येईना. ओढला तर आतल्या दोन पिना वाकल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, स्लॉट बदलावा लागेल. कार्ड शेवटपर्यंत ठणठणीत होतं, दुसऱ्या फोनमध्ये लगेच उघडलं. चरईकर, तुम्ही कार्ड दुसऱ्या कशात घालून पाहिलंत का? तुमचा स्लॉटच गेला असेल तर कार्डाला खोडरबर लावून काय उपयोग?

नौपाडा, ठाणे
घणसोलीकर, मुद्दा मान्य. ट्रे काढलेला असतानाच आत टॉर्च मारून बघा. बऱ्याच फोनमध्ये तिथे एक बारीक पांढरा स्टिकर असतो. तो लाल-गुलाबी झाला असेल तर आत पाणी गेलंय.

ऐरोली
पंधरा वर्षं हार्डवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून जरा लांबण लावतो.
हे नखाएवढं कार्ड, १५ बाय ११ मिलिमीटर, बाहेरून सगळं सारखं दिसतं. आतून जाती वेगळ्या. २ जीबीच्या पुढे ३२ जीबीपर्यंतचं ते एसडीएचसी, ३२ च्या पुढे २ टीबीपर्यंतचं एसडीएक्ससी. पहिल्या जातीत फाइली फॅट३२ पद्धतीने मांडतात, दुसरीत एक्सफॅट. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं. त्याचं तपशीलवार वर्णन त्यांनी २०१९ मध्ये खुलं केलं, तोवर फोन बनवणाऱ्यांना त्यासाठी परवाना घ्यावा लागायचा. म्हणून जुन्या किंवा स्वस्तातल्या फोनमध्ये ते नसायचं.
सासरेबुवांनी वाशीहून ६४ जीबीचं कार्ड आणलं आणि आपल्या जुन्या फोनमध्ये घातलं. फोन म्हणे, कार्ड खराब. ते दुकानात भांडून बदलून आले, दुसरंही ‘खराब’. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी चपला लपवल्या. कार्ड रिकामं होतं म्हणून लॅपटॉपवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं आणि फोनने मुकाट्याने घेतलं. तोटा एकच, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. त्यांना अभंग ऐकायचेत, चार तासांचे चित्रपट नाहीत, तेव्हा बिघडलं काय?
आणि लॅपटॉपला कार्ड जोडायच्या रीडरवरही डोळे मिटून विश्वास नको. घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा रीडर पडलेला असतो, त्यातले कित्येक ३२ च्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत. कार्ड मेलं असं ठरवण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी घालून बघा, त्यातलं एक तरी नवं असू द्या.
चरईकर, तुमचं कार्ड आधी याच फोनमध्ये नीट चालत होतं, त्यामुळे जातीचा प्रश्न बाद.

चरई, ठाणे
नवा रीडर आणला. खोडरबरही झालं. लॅपटॉपवर ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण उघडायला गेलं की ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’. बहिणीच्या फोनमध्येही तेच. म्हणजे दोष स्लॉटचा नाही, कार्डाचाच. आता चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, चालवू का? ऑफिसातला मित्र म्हणतोय त्याने ठीक होतं.

बेलापूर
थांबा! चालवू नका. मी हेच केलं होतं.
दिराच्या हळदीचे फोटो होते. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, रात्रभर बेंजो, अख्खं गाव अंगणात. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून सगळं कार्डात. तिसऱ्या दिवशी कार्डाने तुमच्यासारखाच फॉरमॅटचा हट्ट धरला. मी हुशारी करून चेकडिस्क चालवलं. त्याने ‘दुरुस्ती’ केली, म्हणजे त्याला न समजलेल्या सगळ्या तुकड्यांची एका फोल्डरमध्ये मोट बांधली आणि त्यांना सीएचके अशी शेपटी लावली. कार्ड सुरू झालं हो, पण फोटोंऐवजी चारशे-पाचशे निनावी तुकडे. चेकडिस्कचं काम फाइलींची मांडणी सुसंगत करणं, तुमचे फोटो वाचवणं नव्हे. आणि हे सगळं ते त्याच कार्डावर लिहून करतं.
नंतर एका ओळखीच्या मुलाने क्रम सांगितला, तो लिहिते. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत लॅपटॉपवर घ्यायची. ६४ जीबीचं कार्ड असेल तर ६४ जीबी मोकळी जागा लागते, मग आत फोटो दहाच असोत. कार्ड मधेमधे अडखळत असेल तर लिनक्स या संगणकप्रणालीवरचं डीडीरेस्क्यू वापरायचं, ते खराब जागा सोडून पुढे जातं आणि त्या जागांकडे शेवटी परत येतं. प्रत झाली की कार्ड डबीत. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते फाइलींची यादी बघतच नाही, फोटोची किंवा गाण्याची सुरुवात कशी असते ते ओळखून थेट उपसून काढतं. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, माल मिळतो.
माझे निम्म्याहून अधिक फोटो आले. नवरदेवाला तेल लावतानाचे नेमके गेले. जाऊबाई अजून ऐकवतात.

सीवूड्स
मी फ्लेमिंगोंच्या मागे खाडीकाठी भटकणारा. माझी केस उलटी. कार्ड दिसायचं, फोटोही दिसायचे, पण डिलीट केले तरी परत यायचे. फॉरमॅट ‘यशस्वी’ झालं, कार्ड काढून घातलं की जुने पक्षी पुन्हा हजर. आधी वाटलं, मायक्रो कार्ड ज्यात सरकवतो त्या अडॅप्टरवरचं लॉक पडलंय. ते लॉक फक्त मोठ्या अडॅप्टरला असतं, मायक्रो कार्डाला स्वतःचं नसतं. लॉक ठीक होतं. आतली फ्लॅश, म्हणजे फोटो साठवणारी चिप, झिजली की काही कार्डं नवीन लिहिणं बंद करून फक्त वाचू देतात, हे तेव्हा कळलं. आहे ते उतरवून घ्या आणि कार्डाला निरोप द्या, एवढंच हातात उरतं. मला तर हा मरणाचा सभ्य प्रकार वाटतो.

तुर्भे, एपीएमसी
आमचा टेम्पोचा धंदा. गाडीतल्या कॅमेऱ्याला म्हणून फुटपाथवरून ५१२ जीबीचं कार्ड घेतलं, वडापाव-चहाच्या हिशेबातलं. पहिले दोन दिवस झकास. मग मोबाइलमध्ये टाकलं तर कधी दिसे, कधी नाही, आणि क्लिप उघडल्या की काळ्या. भाच्याने एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या सॉफ्टवेअरने तपासलं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि मग भरलेलं परत वाचून ताळा करतं. रात्रभर चाललं. निकाल काय, खरी जागा १६ जीबीच्या आत! आतल्या कंट्रोलरला, म्हणजे कार्डाचा कारभार बघणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ५१२ आहे म्हणून सांगतो, जागा संपली की आधीच्यावरच लिहितो नाहीतर हवेत सोडून देतो. आम्ही पेटीत वर लाल टोमॅटो आणि खाली नासके बघून मोठे झालो, तरी फसलो. आता नवं कार्ड घेतलं की आधी भरून बघतो, मग वापरतो. आणि गाडीच्या कॅमेऱ्याला सतत लिहिण्यासाठी बनवलेलं हाय एन्ड्युरन्सचंच घ्या, साधं लवकर दमतं.

कळवा
आमचं तर कार्ड दिसत होतं, नुसते फोटो गॅलरीत नव्हते. दोन दिवस घरात सुतक. मग मुलीने फाइल मॅनेजर उघडला तर सगळं जागेवर! कुठल्याशा अ‍ॅपने त्या फोल्डरमध्ये डॉट नोमीडिया नावाची रिकामी फाइल टाकली होती. ती असली की गॅलरी त्या फोल्डरकडे बघत नाही. ती उडवली, फोन बंद-चालू केला, फोटो आले. रडण्याआधी फाइल मॅनेजर बघा, एवढंच सांगणं.

वर्तकनगर, ठाणे
वय ७१, तेव्हा जुनी गोष्ट. माझ्या नोकियात कार्डाला पासवर्ड लावता यायचा. मी लावला होता, अर्थातच विसरलो. मुलाच्या फोनमध्ये ते कार्ड अजिबात दिसेना, संगणकालाही ओळख देईना. सगळे म्हणाले गेलं. मी म्हटलं, बघू. जुना नोकिया माळ्यावरून काढला, चार्ज केला, कार्ड घातलं आणि लगेच उघडलं, कारण पासवर्ड त्या फोनच्या लक्षात होता. तिथूनच पासवर्ड काढून टाकला. जुने फोन भंगारात देऊ नका असं मी नेहमी म्हणतो, घरात कुणी ऐकत नाही.

खारघर
वर्तकनगरचे काका भाग्यवान. माझा फोन माळ्यावरून आला असता तरी उपयोग नव्हता.
अँड्रॉइड ६ मध्ये, म्हणजे २०१५ पासून, कार्ड घातलं की काही फोन विचारतात की हे पोर्टेबल, म्हणजे काढून दुसरीकडेही वाचता येईल असं, वापरू की इंटर्नल, म्हणजे फोनचीच जागा म्हणून. १६ जीबीचा फोन होता, सारखा ‘जागा संपली’ म्हणून किरकिरायचा, म्हणून इंटर्नल निवडलं. खूश होतो, सगळी अ‍ॅप मावली. दीड वर्षाने पांडवकड्याच्या वाटेवर फोन पाण्यात गेला. मदरबोर्ड संपला. कार्ड मात्र कोरडं करून रीडरमध्ये घातलं, ते जिवंत! पण ‘फॉरमॅट करा’.
इंटर्नल निवडलं की अँड्रॉइड त्या कार्डाचं कुलूपबंद तिजोरीत रूपांतर करतं आणि किल्ली ठेवतं फोनच्या पोटात. दुसरा फोन, लॅपटॉप, फोटोरेक, कुणालाच ते वाचता येत नाही. बेलापूरच्या ताईंनी सांगितलेलं सगळं करून झालं, निघाला तो निव्वळ कचरा. फोन फॅक्टरी रीसेट केला तरी किल्ली जाते, हेही लक्षात असू द्या. डेटा रिकव्हरीवाल्याने मला स्पष्ट सांगितलं की फोन जिवंत करून आणा, कार्डाचं मी काही करू शकत नाही. बोर्ड दुरुस्त करायला दोघांनी प्रयत्न केला. नाही झाला. धाकटीचं पहिलं वर्ष त्यात होतं. कार्ड अजून पाकिटात आहे, काही कारण नाही.
चरईकर, आईच्या फोनमध्ये सेटिंगात जाऊन बघा, कार्ड कोणत्या प्रकारात होतं ते.

चरई, ठाणे
खारघरकर, वाचून पोटात गोळा आला. बघितलं, पोर्टेबल होतं. त्यामुळेच लिहायला जीव उरलाय.
बेलापूरच्या ताईंच्या क्रमाने गेलो. मित्राला चेकडिस्क चालवू दिलं नाही, तो थोडा नाराज आहे. लॅपटॉपवर जागा करायला माझे क्रिकेटचे व्हिडिओ बळी गेले. डीडीरेस्क्यू संध्याकाळी लावलं, सकाळपर्यंत दोन-तीन टक्के सोडून सगळं उतरलं. मग प्रतीवर फोटोरेक. फोटो जवळजवळ सगळे. रेकॉर्डिंग ३१२ निघाली, त्यातली वीसेक मधेच तुटतात. नंतर रिकाम्या कार्डावर तुर्भेकरांची परीक्षा घेतली, तर चुकांचा पाऊस. कार्ड खोटं नव्हतं, थकलं होतं.
नावं सगळी गेली. आता आई दुपारी जेवण झालं की एकेक लावते, दोन ओळी ऐकून ‘हे कार्तिकीचं’, ‘हे घंटाळीच्या देवळातलं, पेटी बेसूर आहे’ असं सांगते आणि मी नाव टाकतो. आज ४७ वर आलोय. तुटलेल्यांपैकी एक तिला पूर्ण हवं आहे, ते मंडळातल्या कुणाच्या फोनमध्ये असेल का ते विचारणं चालू आहे.

बेलापूर
प्रत दोन ठिकाणी ठेवलीत ना?

चरई, ठाणे
आज ठेवतो.

मुंब्रा
उशिरा आलो. माझं कार्ड ट्रेमधून निसटून फोनच्या आतच पडलंय, हलवलं की खुळखुळ वाजतं. चिमट्याने काढू का?

घणसोली
दादा, चिमटा खाली ठेवा आणि फोन आधी बंद करा. माझ्या वाकलेल्या पिना आठवा. मागचं झाकण उघडून काढून घ्या, ओळखीच्या माणसाकडून.