समलिंगी माणसाच्या श्रद्धेत परलोकाला कोणती जागा असते?

पैलतीर (प्रश्न)

नमस्कार. मी समलिंगी आहे आणि श्रद्धाळूही आहे. मी जन्माने हिंदू. माझा जोडीदार ख्रिस्ती होता. अठरा वर्षांच्या सहवासानंतर तो गेल्या वर्षी वारला. नरकाची भीती मला वाटत नाही. ती तरुणपणीच ओसरली. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक धर्म मृताला कोणाचा तरी पुत्र, पती किंवा पिता म्हणून ओळखतात आणि त्या नात्यांवरच पलीकडच्या जगाची कल्पना उभी करतात. आमच्या नात्याला धर्माने जिवंतपणी नावच दिले नाही, तर मृत्यूनंतर आम्ही एकमेकांचे कोण? आपल्यापैकी कोणी यावर वाचन किंवा चिंतन केले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. श्रद्धा सोडून देण्याचा सल्ला मात्र नको. तो मला अनेकांनी दिला आहे.

शब्दवेध

आपल्या दुःखात मी सहभागी आहे. मीही ख्रिस्ती परंपरेत वाढलेला समलिंगी पुरुष आहे आणि तिच्याशी बरीच वर्षे झगडलो आहे. आम्हाला ज्या वचनाचा धाक घातला जातो ते बायबलमधील, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. देवाच्या राज्याचे वतन कोणाला मिळणार नाही, याची तिथे यादी दिली आहे. त्या यादीतील दोन ग्रीक शब्दांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत आजही वाद आहेत. इंग्रजी बायबलच्या एका प्रसिद्ध भाषांतरात १९४६ साली त्या दोन्ही शब्दांसाठी मिळून ‘समलिंगी’ या अर्थाचा एकच शब्द वापरला गेला आणि १९७१ च्या सुधारित आवृत्तीत तो बदलण्यात आला. रोमन कॅथलिक शिकवण ओढ आणि कृती यांत फरक करते : केवळ ओढ असणे हे पाप नाही, शारीरिक संबंध मात्र पाप आहे. हा फरक मला स्वतःला कधीच पुरेसा वाटला नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात सदूकी (पुनरुत्थान न मानणाऱ्या यहुदी पंथाचे) लोक येशूला विचारतात की एकामागून एक सात भावांशी जिचे लग्न झाले, ती स्त्री पुनरुत्थानानंतर त्यांपैकी कोणाची पत्नी ठरेल? तिथे कोणी लग्न करत नाही आणि लग्न करूनही देत नाही, असे येशूचे उत्तर आहे. याचा अर्थ असा की मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती समजुतीप्रमाणे विधिवत विवाहही विवाह म्हणून पलीकडे जात नाही, आणि त्या दारात आपण दोघे व कोणतेही विवाहित दांपत्य सारखेच उभे असता. मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे याहून वेगळे आहे. त्यांच्या मंदिरात लागलेला विवाह अनंतकाळ टिकतो आणि सर्वोच्च स्वर्गपदासाठी तो आवश्यक मानला जातो, परंतु तो केवळ स्त्री-पुरुषांचाच होऊ शकतो. त्यामुळे तिथल्या समलिंगी श्रद्धाळूंना या जन्मातले एकटेपण पुढेही अनंतकाळ चालू राहील असे वाटत राहते. समलिंगी विवाह करणाऱ्यांना धर्मत्यागी ठरवणारा नियम त्या पंथाने २०१५ मध्ये केला आणि २०१९ मध्ये मागे घेतला. विवाहाविषयीची मूळ शिकवण मात्र कायम आहे.

ओसरी

हिंदू बाजूविषयी लिहितो. ‘पुत्’ नावाच्या नरकातून जो तारतो तो पुत्र, ही व्युत्पत्ती मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे आणि समलिंगी माणसांना खरी बोच तिचीच असते. त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात एके ठिकाणी पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संबंधाला सवस्त्र स्नान एवढेच प्रायश्चित्त सांगितले आहे, म्हणजे कृतीपेक्षा निपुत्रिक असण्याचेच भय मोठे ठरते. पण परंपरेने त्यावर उपायही ठेवला आहे. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या भीष्मांना जे तर्पण केले जाते, त्याच्या मंत्रात त्यांना स्पष्टपणे ‘अपुत्र’ म्हटले आहे आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांचे कोणीही नसलेले लोक त्यांना पाणी देतात. आत्म्याबद्दल म्हणाल, तर श्वेताश्वतर उपनिषद सांगते की तो स्त्री नाही, पुरुष नाही आणि नपुंसकही नाही. तो जे शरीर धारण करतो, त्याच्याशी जोडला जातो.

पहाटवारा

मी मुस्लिम कुटुंबातली समलिंगी स्त्री आहे. पुरुषांच्या समलिंगी संबंधांमुळे ज्यांचा नाश झाला असे सांगतात, त्या लूत पैगंबरांच्या लोकांची कथा मला लहानपणापासून ऐकवली गेली. इस्लामच्या आरंभीच्या शतकांतच पापी माणसाविषयी मोठा वाद झाला होता, हे मात्र मला फार उशिरा कळले. मोठे पाप करणारा माणूस इस्लामबाहेर जातो, असे खारिजी नावाच्या आरंभीच्या पंथाचे लोक म्हणत. सुन्नी मुख्य प्रवाहाने ते नाकारले. अल्लाह शिर्क (त्याच्यासोबत दुसऱ्या कोणाला ईश्वर मानणे) सोडून बाकी सारे, ज्याला इच्छील त्याला क्षमा करतो, असे कुराणाच्या चौथ्या सूरेत आहे. माझे प्रेम हे पाप आहे असे मी मानत नाही. परंतु मला पापी ठरवणाऱ्यालाही माझा शेवट ठरवता येत नाही, याचा मला फार मोठा आधार वाटतो.

काठावरचा

मी श्रद्धा सोडली आहे, पण ती सोडा असे मी सुचवणार नाही. १९८० च्या दशकात एड्सने गेलेल्या अनेक समलिंगी पुरुषांना अमेरिकेत कुटुंबाने वा अंत्यसंस्कार करणाऱ्यांनी नाकारले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी त्यांच्या नावांच्या गोधड्या शिवल्या. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे कबरीच्या मापाचा होता. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये असे १,९२० तुकडे अंथरले गेले. शिवणाऱ्यांत देव मानणारे होते आणि न मानणारेही होते.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. सात भावांची गोष्ट मी या दृष्टीने कधी वाचली नव्हती; विवाहित जोडप्यांचा मला वाटणारा हेवा तिने बराच कमी केला. उपनिषदातले वचन मात्र मला दिलासा देते आणि दुखावतेही. आत्म्याला लिंग नसेल, तर आमच्यावरचा आक्षेप गळून पडतो हे खरे. पण मग मी ज्याला ओळखत होतो, तोही देहाबरोबरच संपला का?

ओसरी

त्या वचनातून याचे उत्तर मिळत नाही, हे मान्य करतो. पण तर्पणात ‘येऽबान्धवा बान्धवा वा येऽन्यजन्मनि बान्धवाः’ असा एक श्लोक येतो : जे माझे बांधव आहेत, जे नाहीत आणि जे दुसऱ्या कुठल्या जन्मी होते, ते सर्व मी दिलेल्या पाण्याने तृप्त होवोत. आपला जोडीदार वेगळ्या धर्माचा होता म्हणून आपण संकोचत असाल, तर मला तो संकोच अनावश्यक वाटतो. श्लोकात तशी कोणतीही अट नाही.