गावचा खोदलेला रस्ता आणि टेक्सासचा फ्रँचाइझी करार

प्रेषक: सभासद, डॅलस परिसर

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या उपनगराच्या नगरपरिषदेपुढे गॅस कंपनीच्या फ्रँचाइझी कराराचे, म्हणजे शहराचे रस्ते वाहिन्यांसाठी वापरू देण्याच्या कराराचे, नूतनीकरण आले असून, मसुदा वाचून रहिवाशांनी सूचना द्याव्यात, असे आवाहन करण्यात आले आहे. मी तो वाचायला घेतला आणि त्याच आठवड्यात गोव्याहून बाबांचा फोन आला. आमच्या घरासमोरच्या गल्लीत मे महिन्यात एका कंत्राटदाराने वाहिनी टाकण्यासाठी चर खणला होता. तो नुसत्या सुट्या मातीने बुजवला गेला आणि पहिल्या दोन मोठ्या पावसांतच खचला. शेजारच्या काकूंच्या स्कूटरचे पुढचे चाक त्यात गेले, त्या पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. बाबा नगरपालिकेत चौकशीला गेले, तेव्हा ‘आम्ही फक्त खोदाईची परवानगी दिली, कंपनीशी आमचा कसलाही करार नाही’ असे उत्तर मिळाले.

काका, आपण इथे बावीस वर्षे राहून आता म्हापशाला स्थायिक झाला आहात, म्हणून आपल्यालाच विचारते. इथे एका छोट्या उपनगराला जो करार करता येतो, तो आपल्याकडच्या नगरपालिकेला का करता येत नाही?

---

प्रेषक: सभासद, म्हापसा

तुला अनेक आशीर्वाद. काकूंच्या मनगटाचे वाचून वाईट वाटले.

आधी तुझ्याकडची बाजू पाहू. फ्रँचाइझी म्हणजे परवानगी असते, पण ती एकदा शिक्का मारून संपत नाही. रस्ता शहराचा असतो आणि तो वापरू देण्याच्या बदल्यात शहर कंपनीकडून अनेक गोष्टी बांधून घेते. रस्ता रुंद करताना वाहिनी हलवावी लागली तर खर्च कोणी सोसायचा, खोदलेली जागा कशी पूर्ववत करायची, अपघात झाला तर दायित्व कोणाचे, शहराला कंपनीच्या हिशेबाची तपासणी करता येईल की नाही, हे सारे त्यात असते. शुल्काच्या टक्केवारीवर सभेत सर्वांत जास्त वेळ जातो, पण माझ्या मते ते कलम सर्वांत कमी महत्त्वाचे, कारण ते शुल्क शेवटी ग्राहकाच्या बिलातच उतरते. तू मसुद्यात रस्ता पूर्ववत करण्याचे आणि दायित्वाचे कलम शब्दन्‌शब्द वाच.

टेक्सासमध्ये शहरांना याहून मोठा एक अधिकार आहे. शहराच्या हद्दीत खासगी गॅस कंपनीचे दर ठरवण्याचा पहिला अधिकार कायद्याने नगरपरिषदेचा असतो आणि त्यावरचे अपील रेल्वेरोड कमिशनपुढे जाते. नाव रेल्वेचे असले तरी हे कमिशन तेल आणि गॅसचा कारभार पाहते. दरवाढीचा अर्ज तपासण्यासाठी शहर तज्ज्ञ नेमू शकते आणि त्याचा वाजवी खर्च कंपनीला द्यावा लागतो. छोटी शहरे अशा वेळी एकत्र येऊन एकच तज्ज्ञ नेमतात. तुमचे शहर अशा समितीत आहे का, हे नगरपरिषदेला जरूर विचार.

आता गोवा. इथे वीज वितरण राज्य सरकारचे वीज खातेच करते. 2003 च्या वीज कायद्यानुसार वितरण करणारे सरकार आपोआप परवानाधारक मानले जाते, त्यामुळे नगरपालिकेने कोणाशी करार करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दर ठरवतो तो गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग, ज्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे. गॅसचा निर्णय तर आणखी दूर होतो. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ स्थापन झाले. ते बहुधा जिल्हा हे एकक धरून बोली मागवते आणि निवडलेल्या कंपनीला त्या क्षेत्रात वाहिन्यांचे जाळे उभारण्याचा पंचवीस वर्षांचा अनन्य हक्क देते. उत्तर आणि दक्षिण गोवा ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. या निवडीत नगरपालिकेला किंवा पंचायतीला मत नसते. त्यांच्या हाती उरते ती रस्ता खोदण्याची परवानगी, तीही रस्ता त्यांच्या मालकीचा असेल तर. तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर तेवढीही नाही.

शब्दामुळे एक घोटाळा होतो, तोही सांगून ठेवतो. आपल्याकडे ‘वीज वितरण फ्रँचाइझी’ म्हटले की लोकांना भिवंडी आठवते. तिथे 2007 पासून एक खासगी कंपनी वितरण सांभाळते, पण तो करार महावितरण आणि त्या कंपनीमधला आहे, भिवंडी शहर त्यात पक्षकार नाही. तुझ्याकडचा करार शहर करते. त्यामुळे कोणी ‘गोव्यातही फ्रँचाइझी आणा’ म्हणाले, तर करारावर सही कोणाची असेल, हे आधी विचारावे.

शहराने करार करण्याची परंपरा आपल्याला परकी मात्र नाही. मुंबईत 1905 साली ट्राम आणि विजेसाठी खासगी कंपनीशी करार झाला, तेव्हा महापालिकेने कंपनी विकत घेण्याचा हक्क त्यात राखून ठेवला होता. तो हक्क बजावून 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेने ‘बेस्ट’ ताब्यात घेतली. बेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले एक कलम तेव्हा कामी आले. याउलट कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराचे पाहा. 2010 मध्ये त्यांनी वीज कंपनीशी असलेला करार संपू दिला, पुढच्या वर्षी मतदारांनी स्वतःची वीजसंस्था उभारण्याला कौल दिला, आणि खांब-तारांचे मूल्य व हक्क यांवरच्या वादात जवळजवळ दशक गेल्यावर 2020 च्या मतदानात शहर पुन्हा त्याच कंपनीशी करारबद्ध झाले. बोल्डरने प्रयत्न करायलाच नको होता, असे मी म्हणणार नाही. पण बाहेर पडण्याची किंमत आणि रीत करारातच ठरलेली नसेल, तर शहराचा हात दगडाखाली राहतो.

तुझ्या बाबांच्या प्रश्नाकडे येतो. करार नाही, म्हणून जबाबदारी नाही, हे मला मान्य नाही. वीजवाहिनीसाठी रस्ता खोदला असेल तर वीज कायद्याचे कलम 67 लागू होते. शक्य तितके कमी नुकसान करावे आणि झालेल्या नुकसानीची व गैरसोयीची पूर्ण भरपाई द्यावी, असे ते सांगते. काम परवानाधारकाने नेमलेल्या माणसाने केले असले तरीही. गॅसवाहिनी असेल तर मात्र मुख्य मदार परवानगीपत्रातल्या अटींवर आहे, म्हणून तो कागद हाती हवा.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत चर खणला, तेव्हा मी टेप घेऊन उभा राहिलो. मनगटाएवढी पिवळी नळी, तिच्यावर वीतभर माती, त्यावर इशाऱ्याची पट्टी, इथपर्यंत काम नीट होते. मग उरलेला चर ते एकदमच भरू लागले. मी मुकादमाला थांबवले आणि थर देऊन, पाणी मारून, प्रत्येक थर धुमसून घ्यायला सांगितले. त्याने ते केले, कारण त्याच्याजवळच्या परवानगीपत्रात तसेच लिहिले होते. फक्त ते कोणी वाचले नव्हते. आमच्या जांभ्याच्या मातीत धुमस केली नाही, तर पाऊस ती खाली ओढून नेणारच.

---

प्रेषक: सभासद, डॅलस परिसर

काका, मनःपूर्वक आभार. मसुद्यात रस्ता ‘वाजवी स्थितीत’ आणावा एवढेच आहे, किती दिवसांत आणि किती काळाच्या हमीने, याचा उल्लेख नाही. मी तशी लेखी सूचना देत आहे. एक राहिले. गोव्यात दरांबाबत सामान्य ग्राहकाला काही बोलता येते का?

---

प्रेषक: सभासद, म्हापसा

विजेबाबत येते. दरांचा अर्ज वीज खात्याला प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर कोणीही लेखी सूचना-हरकती देऊ शकतो. कलम 64 नुसार आयोगाने त्या विचारात घेऊनच निर्णय द्यायचा असतो. आयोग गोव्यात येऊन जाहीर सुनावणीही घेतो. मी एकदा जाऊन बसलो होतो, बोलणारे मोजकेच होते आणि घरगुती ग्राहक त्याहूनही कमी. घरगुती गॅसचा दर मात्र कंपनी स्वतः ठरवते, तिथे अशी सुनावणी नाही. तुझ्याकडे जी गोष्ट नगरपरिषदेपुढे येते, ती इथे कोणाहीपुढे येत नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त खुपते.

सोमवारी मी तुझ्या बाबांकडे जाणार आहे. माहितीच्या अधिकाराखाली परवानगीपत्र, त्यातल्या अटी आणि अनामत रकमेची नोंद मागणारा अर्ज लिहून ठेवला आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. काकूंच्या उपचारांची बिले आणि खचलेल्या चराची तारखेसह छायाचित्रे त्यांनी जपून ठेवावीत. तुमच्या शहराचा करार मंजूर झाला, की त्यातले रस्ता पूर्ववत करण्याचे कलम मला पाठव. मी त्याचा मराठी मसुदा करून इथल्या नगरसेवकांपुढे ठेवीन, म्हणजे पुढच्या परवानगीपत्रात मुदत आणि हमी तरी लिहून घेता येईल.