शब्दचर्चा : उभयचर रणगाडा, तरंगता रणगाडा

प्रश्न : माझ्या कथेतल्या काल्पनिक देशाच्या सैन्याकडे नदी पार करणारा हलका रणगाडा आहे. त्याला 'उभयचर' म्हटलं तर चालेल का? शाळेच्या पुस्तकामुळे बेडूकच डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद : खुशाल म्हणा. उभयचर म्हणजे दोन्हीकडे संचार करणारा. मात्र नदी पार करणारा प्रत्येक रणगाडा उभयचर नसतो. टी-५५ किंवा टी-७२ हे सोव्हिएत रणगाडे उभ्या नळीतून हवा घेत नदीच्या तळावरून चालत जातात. ते तरंगत नाहीत, त्यांना हा शब्द लावू नये.

प्रतिसाद : तरंगणारा हवा तर सोव्हिएत पीटी-७६ बघा. 'पीटी' म्हणजे 'प्लावायुश्ची तान्क', तरंगणारा रणगाडा. यातला 'प्लाव' आणि संस्कृतचा 'प्लु' धातू एकाच मुळाचे, म्हणून मला 'तरंगता रणगाडा' हा शब्दही आवडतो. वजन सुमारे १४ टन, तोफ ७६ मिमीची, आत माणसं तीन. पाण्यात उतरताना पुढची फळी उभी करतात, आत येणारं पाणी पंपाने उपसतात आणि मागून सुटणाऱ्या पाण्याच्या दोन झोतांवर गाडी ताशी १० किमीच्या आसपास जाते. तरंगायचं म्हणून चिलखत पातळ. बंदुकीची गोळी अडते, रणगाड्याचा गोळा आरपार जातो. तेव्हा 'हलका' हे विशेषण मुळीच गाळू नका, कथेतला सगळा धोका त्यातच आहे. २१ नोव्हेंबर १९७१ ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) गरीबपूरला ४५ कॅव्हलरी या भारतीय रणगाडा रेजिमेंटच्या १४ पीटी-७६ गाड्या धुक्यात पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांशी लढल्या आणि जिंकल्या, ते याच पातळ चिलखतानिशी. त्यांचे मेजर दलजितसिंग नारग तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

प्रश्नकर्ता : आणि जवानांच्या तोंडी कोणता शब्द घालू?

प्रतिसाद : आपल्या जवानांनी पीटी-७६ला 'पिप्पा' म्हटलं. पंजाबीत पिप्पा म्हणजे तुपाचा डबा, रिकामा असला की पाण्यावर तरंगणारा. आपलं 'पिंप' पोर्तुगीज 'पिपा'वरून आलं, त्याच घरातला हा शब्द. तुमच्या सैनिकांनाही त्यांच्या स्वयंपाकघरातलं एखादं भांडं शोधून द्या.

प्रतिसाद : क्रियापदही जपून वापरा. १९७१ मध्येच तिथली मेघना नदी ओलांडताना पीटी-७६ची इंजिनं तापली आणि गाड्या गावठी होड्यांनी ओढून न्याव्या लागल्या. पात्र रुंद असेल तर 'पोहत गेला'पेक्षा 'ओढत नेला' खरं ठरेल.