मदत हवी आहे: एमसीबी खराब की वायरिंग?

भाऊ, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. कूलर-फ्रीजच्या लाइनचा १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) आठ दिवसांपासून सारखा पडून राहिला. कूलर बंद, फक्त फ्रीज चालू, तरी अर्ध्या तासात खटका खाली. एमसीबीची बॉडी चांगलीच गरम लागते. मेन बंद करून स्क्रू आवळले, फरक नाही.

ओळखीचा वायरमन म्हणते, "३२ चा टाकून देतो, कटकटच संपली." पण आतली वायर २.५ स्क्वेअर एमएमची आहे! एमसीबी पडायच्या आधी वायरच जळायची. त्याला नाही म्हटलं, तर रुसला.

कूलरच्या मोटरसाठी १६ चाच सी-कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा करंटचा झटका सहन करणारा) एमसीबी घेऊ का? की आधी फ्रीजची लाइन मेगरनं (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासू? उन्हाळ्यात लेकरं झोपत नाहीत, लवकर सांगा.