प्रभात रोडवर खाली कॅफे आणि वर आपण? रविवारी मतदान आहे, बोला

विनालिफ्ट_तिसरामजला
रविवारी पुण्यात प्रभात रोडवरच्या आमच्या सोसायटीची सभा आहे, विषय एकच, रीडेव्हलपमेंट. बारा फ्लॅट, तीन मजले, ७८ सालची बिल्डिंग, लिफ्ट नाही, गच्ची गळते. बिल्डरच्या दोन ऑफर आहेत. एकीत तळमजला आणि पहिला मजला कमर्शियल, वर आम्ही, जागा भरपूर वाढवून आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम, घसघशीत. दुसरी पूर्ण निवासी, त्यात जागा जेमतेम वाढते आणि कॉर्पस म्हणजे पेढ्यांपुरता. अकरा जण पहिलीला तयार आहेत, मी एकटाच नाही म्हणतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. हा भाग राहण्यासाठी आखलेला होता. फर्ग्युसन १८९५ ला भांबुर्ड्याच्या, म्हणजे आताच्या शिवाजीनगरच्या माळावर आलं, डेक्कन जिमखाना १९०६ चा, भांडारकर संस्था १९१७, लॉ कॉलेज १९२४, म्हणजे कॉलेजं, ग्राउंड, ग्रंथालय आणि त्यांच्या मधे शांत घरं, प्लॉट मोजून पाडलेले, गल्ल्यांना नंबर, कंपाउंडला आंबा नाहीतर बकुळ. आमच्या कागदांवर अजून फायनल प्लॉट नंबर असतो तो त्याच आखणीचा. आणि आता बघा, एफ्‌सी रोड गेला, जेएम गेला, भांडारकर रोड अर्धा गेला, लॉ कॉलेज रोडवर संध्याकाळी रस्ता ओलांडायचा तर शेजाऱ्याचा हात धरावा लागतो. राहिल्या होत्या प्रभात रोडच्या गल्ल्या, त्यात पण आता प्रत्येक कोपऱ्यावर 'आर्टिझनल' काहीतरी निघालंय. मी मागासलेला आहे की अकरा जणांना पैसा दिसतोय, सांगा.

पेठेतला_पाहुणा
अहो पण तुमची ७८ ची बिल्डिंग काय माळावर उगवली होती का? तिथे आधी बंगला असणार, मागे विहीर, पुढे पोर्च. तो पाडून बारा फ्लॅट झाले तेव्हा बाजूच्या बंगलेवाल्यांनी असाच गळा काढला असेल की आता इथे फ्लॅटवाले येणार, दोऱ्यांवर धुणी वाळणार म्हणून. तेव्हाचे फ्लॅटवाले तुम्ही. आता कॅफेवाले आले तर तुम्ही लगेच मूळ रहिवासी. राग मानू नका पण नदीपलीकडच्या लोकांची ही सवय जुनीच आहे, आपण आत आलो की दार लावून घ्यायचं.

आणि खाली दुकान वर घर याचं एवढं काय? आमच्या सदाशिवात पिढ्यान् पिढ्या तसंच आहे. खाली गिरणी, वर आम्ही. पीठ उडायचं, झोप लागायची.

विनालिफ्ट_तिसरामजला
बंगला होता हे खरंय. आजोबांनी फ्लॅट घेतला तेव्हा मूळ मालक कोपऱ्यातल्या फ्लॅटमधेच राहायचे. पण घर पाडून घरंच झाली ना, रात्री अकरानंतर एक्झॉस्ट फॅन आणि व्हॅले पार्किंगवाल्यांच्या शिट्ट्या नाही झाल्या. गिरणी सातला बंद व्हायची हो.

झेडब्रिज
"राहण्यासाठी आखलेला भाग" हे ऐकायला छान वाटतं पण प्रभात रोडला नाव कशावरून पडलं? प्रभात फिल्म कंपनीवरून! १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली, तेव्हा शेकडो लोक कामाला, शूटिंग, सेट, गाड्या, एक्स्ट्रांची गर्दी. म्हणजे ज्या रस्त्याच्या शांततेबद्दल आपण रडतोय त्याच्या पाटीवरच धंदा लिहिलाय. गुडलक कॅफे १९३५ चं. तेव्हाच्या सोवळ्या मंडळींना इराण्याचा चहा आणि ऑम्लेट किती खटकलं असेल विचार करा, आज तेच गुडलक आपला 'वारसा' आहे, बन मस्का खाताना फोटो काढतात सगळे. पन्नास वर्षांनी तुमच्या खालच्या कॅफेचा पण वारसा होईल.

गल्लीनंबर_सांगणारनाही
झेडब्रिज, अर्धंच सांगताय. प्रभातचा स्टुडिओ रस्त्याच्या पार त्या टोकाला टेकडीच्या पायथ्याशी होता, जिथे १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट झालं, स्वतःचं मोठं आवार होतं. गुडलक चौकात. जिमखाना स्वतःच्या मैदानावर. म्हणजे धंदा होता पण त्याच्या जागी होता, चौकात नाहीतर मोठ्या आवारात, आणि गल्लीत घरं. हा फरक कुणीतरी डोकं वापरून केला होता. आता फरकच उरला नाही, आख्खी गल्लीच चौक झालीये.

माझा अनुभव सांगते. आमच्या शेजारचा बंगला ४ वर्षांपूर्वी एका कॅफेला दिला. नाव घेत नाही. मालक अमेरिकेत, त्यांना भाडं मिळतं, आम्हाला वास मिळतो. माझ्या बेडरूमच्या खिडकीपासून हात लांब केला तर त्यांच्या चिमणीला लागेल. शनिवारी रात्री आमच्या गेटसमोर गाडी लावून पोरं आत बसतात, सासऱ्यांना मध्यरात्री हॉस्पिटलला न्यायचं होतं तेव्हा वीस मिनिटं गाडी कुणाची ते शोधत होतो. वीस मिनिटं. तक्रार केली तर म्हणे पार्किंग समोरच्या प्लॉटवर दाखवलंय. दाखवलंय खरं, नकाशात. तिथे आता त्यांची बाहेरची टेबलं आहेत.

पुलाचीवाडी_टू_एफसी
मी वेगळ्या बाजूने बोलतो. मी पुलाच्या वाडीत वाढलो, डेक्कनपासून चालत पाच मिनिटं, पण लहानपणी प्रभात रोडवर आमचं काम म्हणजे आई धुणीभांडी करायची त्या घरी निरोप द्यायला जायचं आणि गेटबाहेर उभं राहायचं, बस. शांत गल्ली होती हो, फार शांत होती, आमच्यासाठी तर इतकी शांत की आपण तिथे चालतोय हेच लोकांना खटकायचं, कोण रे तू कुणाकडे आलास. बारावीनंतर भांडारकर रोडवर एका हॉटेलात लागलो, आता मॅनेजर आहे. गल्लीत दुकान आलं तेव्हा गल्ली माझी पण झाली थोडी. ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाईट वाटलं, ती चूक हॉटेलवाल्याचीच, त्यात वाद नाही. पण 'आधी कसं छान होतं' म्हणताना कुणाला छान होतं ते पण लिहा.

आणि पाणी आलं की कळतं डेक्कन कुठवर डेक्कन आहे. २५ जुलै २०२४ ला आमच्या वाडीत पाणी शिरलं, शॉक लागून तीन पोरं गेली. अर्ध्या किलोमीटरवर कॅफे चालू होते.

पेठेतला_पाहुणा
@पुलाचीवाडी_टू_एफसी दादा, याच्यापुढे माझी गिरणीची गोष्ट गप्प बसते.

एकसष्टचा_पूर
वय वर्षे ७४. मी लहान होतो, १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं आणि लकडी पूल पाण्याखाली गेला. आमचा शनिवारातला वाडा गेला. त्यानंतर वडिलांनी नदीपलीकडे एरंडवण्यात बिऱ्हाड केलं, आमच्यासारखी कितीतरी घरं त्या पुरानंतर इकडे सरकली. तेव्हा इथे संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही, आई म्हणायची हे काय जंगलात आणून टाकलंत, भाजी आणायला डेक्कनच्या कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागे, पावसात तर फारच हाल. गल्लीच्या तोंडाशी पहिलं वाणी दुकान निघालं तेव्हा तिने त्याला घरचा नारळ दिला होता. तेव्हा सगळं निवासी होतं म्हणून सगळे सुखी होते असं काही नाही.

मात्र वाणी दुकान आणि वीस गाड्यांचा कॅफे एका मापात मोजू नका. दुकानदार आमचा हिशोब वहीत लिहायचा आणि आई आजारी पडली तर सामान घरी पाठवायचा.

नकाशेवाली_बाई
आर्किटेक्ट आहे, याच भागात वीस वर्षं काम करते. भावना बाजूला ठेवून जरा मुळाशी जाऊ. आपल्याकडे वापर कुठला करायचा ते शेवटी रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रुंद रस्ता असेल तर जास्त मजले, दुकानं, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेऊन इथे वापरायचा बांधकामाचा हक्क. अरुंद असेल तर हात बांधलेले. सहा मीटरच्या गल्ल्यांवर टीडीआर चढवता येत नव्हता म्हणून २०२० ला महापालिकेत प्रस्ताव आला की तीनशेहून जास्त सहा मीटरचे रस्ते नऊ मीटरचे करायचे. आठवतंय? लॉकडाऊनमधे. प्रभात रोडच्या गल्ल्यांतल्या लोकांनी तेव्हा आरडाओरडा केला कारण दीड दीड मीटर दोन्हीकडून गेलं की कंपाउंड आणि झाडं गेली. पण त्याच गल्ल्यांतले काही लोक मला खासगीत फोन करून विचारत होते की मॅडम, नऊ मीटर झालं तर आमच्या प्लॉटवर किती बसेल. तीच माणसं हो. सकाळी निवेदनावर सही, दुपारी मला फोन.

वर मेट्रो. वनाज ते गरवारे ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, पुढे डेक्कन जिमखाना स्टेशन १ ऑगस्ट २०२३ ला. स्टेशनपासून पाचशे मीटरच्या आत, प्लॉट मोठा आणि रस्ता रुंद असेल तर चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम. म्हणजे कर्वे रोडच्या बाजूचा जो भाग शंभर वर्षांपूर्वी एकमजली बंगल्यांसाठी आखला तिथे आता सरकारच सांगतंय की उंच बांधा. हे एका कॅफेवाल्याने केलं नाही.

विनालिफ्ट, तुमच्यासाठी वाईट बातमी. रीडेव्हलपमेंटला २०१९ पासून ५१ टक्के पुरतात. बारातले अकरा तयार असतील तर तुमचा विरोध फक्त इतिवृत्तात राहील.

न्यूजर्सीचा_पुणेकर
हे सगळं वाचून इतकं वाईट वाटलं. दरवर्षी डिसेंबरमधे येतो तेव्हा आमचं डेक्कन ओळखू येत नाही. वारसा म्हणून काही नियम नकोत का? तुम्ही तिथे राहणाऱ्यांनी लढायला हवं.

गल्लीनंबर_सांगणारनाही
@न्यूजर्सीचा_पुणेकर तुमचा बंगला सध्या कुणाला भाड्याने दिलाय तेवढं सांगा फक्त.

न्यूजर्सीचा_पुणेकर
तो विषय वेगळा आहे. वडिलांच्या नावावर आहे.

झेडब्रिज
😂 मेलो

नकाशेवाली_बाई
हसू नका, गोष्ट खरी आहे. मुलं बाहेर, आईवडील ऐंशीच्या घरात, दहा खोल्यांचा बंगला, माळी मिळत नाही, छत गळतं. राहण्यासाठी भाड्याने दिला तर जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट ऑफिस नाहीतर रेस्टॉरंटवाला देतो. विकला तर भावंडांत वाटणी होते. अशा घरांना लोभी म्हणणं सोपं आहे. पण त्यांनाच बिचारे म्हणणं पण मला जमत नाही, कारण शेजाऱ्याला काय सोसावं लागेल हे विचारायला एकही मालक दारात गेलेला मी पाहिला नाही.

विनालिफ्ट_तिसरामजला
खरं सांगू, हे वाचल्यावर मला माझीच जरा लाज वाटली. मी पण संध्याकाळी त्याच कॅफेंत बसतो. लॅपटॉप घेऊन. वाडीतल्या दादांची पोस्ट दोनदा वाचली. पण तरी हात वर करताना मला त्या चिमणीचा वास येणार. आईला विचारलं काल, तुला खाली हॉटेल चालेल का. म्हणाली, मी दोन वर्षांत खाली उतरलेच नाहीये, खाली काय आहे त्याचं मला काय.

एकसष्टचा_पूर
आईंचं ऐका.

गल्लीनंबर_सांगणारनाही
आईंना लिफ्ट मिळू दे, शंभर टक्के. पण लिफ्ट दुसऱ्या ऑफरमधे पण आहे ना? मग 'आईसाठी' म्हणून कमर्शियल हा बिल्डरचा डाव आहे, त्यात अडकू नका. अकरा जणांना विचारा, जास्तीची जागा नेमकी कशाला हवीये, मुलं तर तुमची पण बाहेर.

पुलाचीवाडी_टू_एफसी
मॅनेजर म्हणून फुकटचा सल्ला. खाली कोण येणार ते आत्ताच ठरवा. बँक, दवाखाना, औषधाचं दुकान, पुस्तकाचं दुकान, हे पण कमर्शियलच असतं. किचनवालं येणार असेल तर एक्झॉस्ट गच्चीच्या वर न्यायला लावा, ओला कचरा आतल्या खोलीत, डिलिव्हरीची पोरं कुठे थांबणार ती जागा आखून घ्या नाहीतर ती तुमच्या जिन्यावर बसतात, आणि त्यांचा काय दोष, त्यांना बसायला कुणी जागाच देत नाही. धंदा वाईट नसतो, मागचं दार वाईट असतं. नव्वद टक्के भांडणं मागच्या दारावरून होतात.

विनालिफ्ट_तिसरामजला
अपडेट. सभा झाली. चार तास. पहिली ऑफर मंजूर, अकरा विरुद्ध एक, तो एक मी, फ्लॅट आईच्या नावावर असल्यामुळे मला मत आहे की नाही यावर आधी वीस मिनिटं वाद, शेवटी आईने अधिकारपत्र दिलं आणि वर सांगून पाठवलं की मत तुझं, पण लिफ्ट माझी. मी विरोधात दिलं. पण दादांच्या पोस्टची प्रिंट काढून नेली होती, ती वाचून दाखवली, आणि एक्झॉस्ट, कचरा, डिलिव्हरीची जागा, रात्री साडेदहाला बंद, हे चारही मुद्दे बाकीच्यांनी एका आवाजात उचलून धरले. जे मला अकरा महिने गल्लीचा शत्रू समजत होते तेच. बिल्डर म्हणाला काळजी करू नका काका, सगळं लिहून देतो.

नकाशेवाली_बाई
लेटरहेडवर नको. डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटमधे घाला, रजिस्टर करा, आणि दुकान पुढे कुणालाही विकलं तरी अटी नव्या मालकाला लागू हे वाक्य वकिलाकडून लिहून घ्या. ड्राफ्ट आला की सही करायच्या आधी मला दाखवा, फी नको, त्या खालच्या कॅफेत कॉफी पाजा.